उचल म्हणाली नाही

तिच्या अंगावरून पाय टाकून तो ओट्याकडे गेला.

ती स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवर आडवी पडली होती. डोकं सिंकच्या खाली, डावा पाय नको त्या दिशेला वळलेला. पडताना घोट्यातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आलेला तिनं स्वतः ऐकला होता आणि मग तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती बाहेरच्या खोलीतच काय, खालच्या रस्त्यावरही गेली असेल. पावलं वाजली तेव्हा तिला वाटलं, आले. आता हात देतील.

तो आला होता. दारात थांबून त्यानं तिच्याकडे पाहिलंही होतं. म्हणजे वाटेत काहीतरी पडलंय, आपला पाय लागायला नको, इतपत. मग पायजमा जरासा वर धरून त्यानं तिला ओलांडलं. अगदी जपून.

"अहो, पडले मी!"

"हो," तो म्हणाला.

"पाय मोडला वाटतं माझा."

"बरं."

त्यानं खुंटीवरचं भांडं काढलं. ओट्यावरच्या भिंतीला चित्रं चिकटवलेली होती. भांडं, पाणी, गॅस, साखर, पावडर, दूध. पुनर्वसन केंद्रातल्या ताईनं ती त्याच्यासाठी काढून दिली होती आणि तिथल्या छोट्या स्वयंपाकघरात त्याच्याकडून चहा घटवून घेतला होता, शाळेत पाढे घटवतात तसा. आता चित्रांकडे बघायची गरजही राहिली नव्हती. त्यानं एक कप पाणी मोजून ओतलं.

ती खालून त्याच्या पोटऱ्या बघत होती. दुखणं अजून पुरतं आलं नव्हतं. ते कुठंतरी वाटेत होतं. त्याच्याही आधी दुसरंच काहीतरी येऊन पोचलं होतं आणि त्यानं तिची वाचाच बसवली होती. आरडाओरडा करावा, शिव्या द्याव्यात, निदान रडावं, यातलं काहीच सुचेना.

"साखर नाही इथं," तो म्हणाला.

"वरच्या फळीवर. मागच्या बाजूला," ती म्हणाली.

स्वतःचा आवाज ऐकून ती चपापली. पुढं कितीतरी दिवस तिला त्याच्या ओलांडण्यापेक्षा आपल्या या उत्तराचंच जास्त नवल वाटायचं.

चहा झाला. त्यानं बटण फिरवलं, केंद्रात शिकवल्याप्रमाणे त्यावर बोट ठेवून मोठ्यानं "बंद" म्हटलं, आणि वाफाळता कप घेऊन पुन्हा तिच्यावरून पलीकडे गेला. चहाचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला. बाहेर टीव्हीवर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

आता कळेल, तिला वाटलं. चहा पिता पिता डोक्यात प्रकाश पडेल आणि धावत येतील. खरंच तो उठला. पावलं जवळ आली. तिनं हात थोडा वर केला. त्यानं त्या हातावरून पाय टाकला, कप विसळला, पालथा घातला, हात पुसले आणि आला तसा निघाला.

तेव्हा कुठं तिला शब्द सापडले. दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तसा आवाज लागला तिचा. "माझा फोन आणून द्या."

तो ताबडतोब वळला. फोन आणला, तिच्या हातात नीट ठेवला.

"दुसरं काही?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला.

काकू धापा टाकत आल्या. पाय बघून त्यांनी तोंडावर हात घेतला. "अगं बाई! किती वेळ पडलीयेस अशी? आणि हे कुठं होते?"

"अंघोळीला होते," ती म्हणाली.

काकूंनी बाहेर बसलेल्या त्याच्या कोरड्या केसांकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. फक्त आवाज चढवला, "अहो, बघताय काय? उचला तिला! गाडी बोलावलीय मी."

तो लगेच उठला. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घालून त्यानं तिला अलगद उचललं आणि जिना उतरू लागला. जन्मभर यंत्रं ओढून घट्ट झालेले हात होते ते. एवढे जिने उतरूनही श्वास लागला नाही की पाऊल चुकलं नाही. जिन्यात दारं उघडून लोक उभे राहिले होते. कुणीतरी म्हणालं, "बघा, अशा आजारातून उठलाय, तरी बायकोला फुलासारखं नेतोय!" तिनं त्याच्या छातीत तोंड लपवलं. लोकांना वाटलं, दुखतंय म्हणून.

त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि तो लिफ्टचा मिस्त्री होता. "चांभाराचा जोडा फाटका," असं तो स्वतःच म्हणायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसायचा. कामावर त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. एकदा लागला की बंद व्हायचं नाव नाही. पण त्या बडबडीला कामावर किंमत होती. मधेच अडकलेल्या लिफ्टमध्ये माणूस घाबरून दार बडवायला लागला की बाकीचे मिस्त्री वर यंत्राकडे धावायचे आणि हा दाराशी बसायचा. फटीतून गप्पा सुरू. घरी कोण कोण असतं, जेवणात आवडतं काय, सासूशी पटतं का. एकदा एक म्हातारे गृहस्थ लिफ्ट सुरू झाल्यावरही बाहेर येईनात, कारण याची गोष्ट अर्धी राहिली होती.

घरीही तेच. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंगं बसवायची, दांड्यांचे स्क्रू आवळायचे, डोळ्यात तेल घालून करायचं काम. संध्याकाळी डोकं दुखायचं. ती दार उघडून आत आली की तिच्या चपला काढण्याच्या आवाजावरून तो ओळखायचा आणि दिवा मालवायचा. तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिला कधी काही सांगावंच लागलं नव्हतं. उलट, "अहो, जरा मला सांगू तरी द्या," असं तीच म्हणायची.

मग एके दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना शिडी सरकली. तो डोक्यावर पडला.

कित्येक दिवस शुद्ध नव्हती. शुद्धीवर आला तेव्हा चमचा कसा धरायचा तेही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला पुनर्वसन केंद्रात पाठवलं. तिथं एक मोठं संशोधन चाललं होतं. मेंदूला मार लागलेली माणसं, लहान मुलं असोत की मोठी, रोजच्या जगण्यात कितपत परत येतात, काय काय पुन्हा करू शकतात, याचं. तो आधी बसायला शिकला, मग चालायला, मग बटणं लावायला, जिना चढायला, चहा करायला. दर वेळी डॉक्टरबाई विचारायच्या, तो करून दाखवायचा, आणि गुणांचा आकडा वर चढायचा. केंद्रात त्याला 'आमचा हिरो' म्हणत. शिकायला आलेल्या मुलांना दाखवत. तीही अभिमानानं बाजूला उभी राहायची. एवढ्या मोठ्या संकटातून माणूस हाताला लागला होता. बोलणं कमी झालंय, हे काय तिला दिसत नव्हतं? पण थकवा असेल, हळूहळू होईल, असं ती म्हणत राहिली. दुकानात तिनं असे किती तरी लोक पाहिले होते. समोरची ओळ दिसत नसते, पण अंदाजानं वाचून टाकतात आणि वर म्हणतात, छान दिसतंय.

पायाला प्लास्टर घालून ती घरी आली, खाटेवर बसून राहिली, आणि पहिल्यांदाच दिवसभर त्याच्याकडे बघू लागली.

सकाळी तो उठायचा, दात घासायचा, अंघोळ करायचा, आपला चहा करायचा, खुर्चीत बसायचा. तिनं पाणी मागितलं तर आणून द्यायचा. खिडकी लावा म्हटलं की लावायचा. चिडचिड नाही, कुरकुर नाही. पण ती बोलली नाही, तर तो हलायचा नाही. एका दुपारी तिनं ठरवून तोंड शिवून घेतलं. ऊन सरकत सरकत खुर्चीवर आलं, त्याच्या तोंडावर आलं. त्याचे डोळे मिचमिचायला लागले, पाणी वाहायला लागलं, तरी तो तसाच. शेवटी तिलाच बघवेना.

"अहो, पडदा ओढा ना!"

त्यानं उठून पडदा ओढला.

एवढे दिवस तिला वाटत होतं, आपल्याबद्दलच काही उरलं नाही त्याच्या मनात. इथं तर त्याला स्वतःच्या डोळ्यांचीही दया येत नव्हती.

मुलगी परगावी राहायची. तिचा फोन आला. "आई, बाबा सगळं करतायत ना तुझं? किती सुधारलेत गं! काकू सांगत होत्या, तुला उचलून खाली नेलं म्हणे."

"हो," ती म्हणाली. "नेलं."

"मग आवाज का असा तुझा?"

"पाय ठणकतोय जरा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

प्लास्टर निघालं, हातात काठी आली, आणि केंद्रातल्या तपासणीचा दिवस उजाडला. बाहेरच्या बाकावर एक आई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. नऊ-दहा वर्षांची पोर, केस बारीक कापलेले, कानामागून वर गेलेली शिवणीची रेघ. झोपाळ्यावरून पडली होती म्हणे. मुलगी भिंतीकडे बघत शांत बसली होती.

"गुणी आहे हो," ती सहज बोलून गेली. "एवढा वेळ एका जागी कोण बसतं या वयात?"

त्या आईनं तिच्याकडे पाहिलं. "परवा दारात बोट चेंगरलं तिचं," ती हळू आवाजात म्हणाली. "नख काळंनिळं झालंय. मला रात्री झोपवताना दिसलं. रडली नाही, सांगितलं नाही. सगळे म्हणतात, किती शहाणी झाली. पूर्वी मुंगी चावली तरी घर डोक्यावर घ्यायची ही."

ती बाकावर थोडी त्या आईच्या बाजूला सरकली.

मग आतून हाक आली.

डॉक्टरबाई तरुण होत्या, हसतमुख. "काय, हिरो? या, या!" त्यांनी त्याला चालवलं, वाकवलं, कुलूप उघडायला लावलं, आजची तारीख विचारली. सगळं बिनचूक. मग तिच्याकडे वळून त्या नेहमीचे प्रश्न विचारू लागल्या.

"अंघोळ?"

"स्वतःची स्वतः करतात."

"जिना?"

"चढतात. उतरतात. ओझं घेऊनसुद्धा."

"चहा?"

ती थांबली. डॉक्टरबाईंनी मान वर केली.

"चहा करतात," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात पाय मोडून पडले होते. मला ओलांडून गेले आणि चहा केला. चांगला झाला असणार. सगळा प्यायले."

डॉक्टरबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, जसं एखाद्या दारात कुणी उभं राहावं आणि आत जावं की बाहेर ते कळू नये. "म्हणजे?"

"म्हणजे जे म्हणतेय तेच. तीनदा ओलांडलं मला. कपही धुतला."

हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. आवाज कापेल असं वाटलं होतं, पण तो कोरडा ठणठणीत निघाला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तुमच्या मिसेस पडल्या होत्या, आठवतं?"

"हो. ओट्याजवळ."

"त्यांना लागलंय, हे कळलं होतं तुम्हाला?"

"हो. पाय वाकडा होता. ओरडली पण."

"मग उचललं का नाही?"

तो विचारात पडला. कपाळावर आठ्या आल्या. टाळाटाळ नव्हती ती, शोधत होता बिचारा. अखेर त्याला सापडलं.

"उचल म्हणाली नाही," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात ती सकाळ पुन्हा सरसरत गेली. पडले, म्हणाली होती. मोडला, म्हणाली होती. साखर कुठं आहे तेही सांगितलं होतं. उचला, असं ती खरंच म्हणाली नव्हती. नवऱ्याला ते म्हणावं लागतं, हे तिला माहीतच नव्हतं.

"नंतर वाईट वाटलं का तुम्हाला?" डॉक्टरबाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

त्यानं आधी डॉक्टरबाईंकडे, मग तिच्याकडे पाहिलं. परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आल्यावर मुलगा मास्तरांकडे बघतो तसं. "वाटायला हवं होतं का?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरोखर विचारत होता. कुणी 'हो' म्हटलं असतं, तर त्यानं तेही मान हलवून लक्षात ठेवलं असतं.

डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर त्या तिच्यासमोर येऊन बसल्या. चेहरा उतरला होता. "मला माफ करा," त्या म्हणाल्या. "हे होतं, हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक असतं. कपाळामागचा भाग असतो ना मेंदूचा, माणसाला आतून उठवणारा, त्याला मार लागला की हातपाय सगळं चालतं, पण चालवणारा जागा होत नाही. त्यांचं प्रेम गेलं, असं नाही म्हणता येणार मला. ते कुठंतरी असेलही. पण त्याला उठता येत नाहीये. आम्ही आपले काय करता येतं एवढंच विचारत बसलो."

"परत येईल?"

"खोटं सांगू नये तुम्हाला. माहीत नाही. एवढे महिने झालेत म्हणजे..." त्या थांबल्या. "पण सांगितलेलं ते करतात, हा मोठा आधार आहे. सांगत जा. सरळ, एका वेळी एक. आणि तुम्ही एकट्या राहू नका यात. बाहेर त्या मुलीची आई बसलीय, अशा आणखीही आहेत. मी बोलवते सगळ्यांना, यायचं तुम्ही. आणि आजचं हे मी जसंच्या तसं लिहिणार आहे, कुणी कितीही हिरो म्हणो."

"लिहा," ती म्हणाली. "पण ते वाईट माणूस आहेत, असं नका येऊ देऊ त्यात. फार चांगला माणूस होता हो." 'होता' म्हणून गेल्यावर तिनं ओठ दाबून धरले.

डॉक्टरबाईंनी पाणी पुढं केलं. तिनं ते सगळं प्यायलं आणि काठी घेऊन उठली.

बाहेर तो बसवला होता तसाच बसला होता. ती मुलगी आता त्याच्या शेजारी होती, दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होती. मुलीच्या आईनं काही न विचारता तिचा फोन नंबर घेतला, आपला दिला.

केंद्राच्या दारापुढं चार पायऱ्या होत्या. येताना ती कठड्याला धरून चढली होती. आता पायात पेटके येत होते. तो पुढं होऊन खाली उतरला आणि फुटपाथवर उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून. ती वरच्या पायरीवर थांबली. सवयीनं वाट बघितली. मग वाट बघायची सोडून दिली.

"अहो," ती म्हणाली. "वळा. मला हात द्या."

तो वळला, दोन पायऱ्या वर आला, हात पुढं केला.

"घट्ट धरा."

त्यानं धरला. ती एकेक पायरी उतरली. रस्ता ओलांडला, दोघं थांब्यावर उभी राहिली, बस आली. तिनं सांगितलं तसं त्यानं तिला आत चढवलं, खिडकीशी बसवलं, स्वतः शेजारी बसला. तिचा उजवा हात त्यानं अजून धरलेलाच होता. त्याचा हात कोमट होता, ओळखीचा होता, अंगठ्याच्या मुळाशी तारेनं कापल्याची जुनी खूण होती. पण बोटं हलत नव्हती. दाबत नव्हती, कुरवाळत नव्हती. बसच्या दांडीला धरावं तसा धरला होता त्यानं.

सोडा म्हटलं असतं, तर सोडला असता.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानं गेली, पूल गेला. तळव्यांना घाम सुटला. तिकीट काढायला तिनं डाव्या हातानं पर्स उघडली, काठी गुडघ्यांत धरून. कंडक्टर हसला, तीही हसली.

घराचा जिना दोघांनी तसाच चढला, दर मजल्यावर थांबत. दारापाशी आल्यावर तो तिच्याशेजारी उभा राहिला, हात धरून, पुढचं सांगणं येण्याची वाट बघत. किल्ली उजव्या हातानं लावायची तिला सवय होती. तिनं काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या हातानं कुलूप उघडायला घेतलं. वेळ लागला.